छाटणी उरकेपर्यंत थांबू नका

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही सांगली जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार. माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. बाळाला बघायला आलेल्या आशाताईंना तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या पांढुरक्या दिसल्या. तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन लागेल, लगेच लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. घरात हे कुणालाच पटत नाही. सासूबाई म्हणतात, मोतीबिंदू म्हातारपणी होतो, एवढ्याशा लेकराला कुठला? आणि असलाच तर पिकू दे, मग काढू. यांचं म्हणणं, ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे, ती उरकली की दिवाळीनंतर मोठ्या दवाखान्यात दाखवू. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची म्हणजे माझेही हातपाय गळतात. गरोदरपणात ग्रहणाच्या दिवशी मी भाजी चिरली होती, त्यावरून रोज बोलणी खाते आहे. इतक्या लहान मुलांना खरंच मोतीबिंदू होतो का? किती जणांना होतो? ऑपरेशन लागतंच का? मोठा मुलगा चार वर्षांचा आहे, त्यालाही होईल का?
– एक आई

उत्तर : तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी ईमेलवर थोडक्यात कळवलं होतं, तेच इथे पुन्हा सांगते. बाळाला या आठवड्यातच बाल नेत्रतज्ज्ञाकडे न्या. छाटणीसाठी थांबू नका. आता सविस्तर लिहिते. हे उत्तर तुम्ही घरी सगळ्यांना बसवून वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे.

हो, बाळांना मोतीबिंदू होतो. काही बाळं तो घेऊनच जन्माला येतात, काहींना पहिल्या काही महिन्यांत होतो. किती जणांना होतो, याचं उत्तर देशादेशांत वेगळं येतं, कारण सगळीकडे जन्मल्याबरोबर डोळे तपासले जात नाहीत. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला एक अंदाज दर १० हजार मुलांमागे चार असा आहे. ब्रिटनमध्ये १९९५-९६ साली साऱ्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांकडून आणि बालरोगतज्ज्ञांकडून वर्षभर नोंदी मागवल्या गेल्या. त्यात नव्यानं निदान झालेली मुलं २४८ निघाली. पहिल्या वाढदिवसापर्यंत दर १० हजारांत साधारण अडीच आणि पंधराव्या वर्षापर्यंत साडेतीन, असं ते प्रमाण बसलं. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. चारचा आकडा धरून हिशेब केला तर दर वर्षी आठ-दहा हजार बाळांच्या डोळ्यांत कमी-जास्त मोतीबिंदू असणार. म्हणजे तुमची मुलगी एकटी नाही.

पण दुसऱ्या बाजूनंही बघा. भारतात मोतीबिंदूची वर्षाला ६० लाखांहून जास्त ऑपरेशनं होतात आणि ती जवळजवळ सगळी मोठ्या माणसांची असतात. त्यामुळे सासूबाईंनी आजवर पाहिलेला प्रत्येक मोतीबिंदू म्हाताऱ्या माणसाचाच असणार. तुमच्या गावात वर्षाला शंभर बाळं जन्मत असतील, तर असं एक मूल दिसायला पंचवीस वर्षं लागतील. त्यांचा अविश्वास मला समजतो. मात्र ज्यांनी असं मूल कधी पाहिलेलं नाही त्यांनी ‘थांबू या’ म्हणावं आणि त्यात बाळाचे मोलाचे आठवडे जावेत, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. हा प्रश्न खेड्यापुरता नाही. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मुलं वर्षाची होऊन गेल्यावर नेत्रतज्ज्ञापर्यंत पोचली होती, आणि तिथे तर नवजात बाळाचे डोळे तपासायची पद्धत होती. तुमच्या आशाताईंनी सात आठवड्यांच्या आत ही गोष्ट हेरली. त्यांचे आभार माना. मीही मानते.

आता घाई कशासाठी, ते सांगते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या आधीच्या पिढीत अख्खं भिंग बाहेर काढायची पद्धत होती, म्हणून मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे. तेव्हाच्या मोठ्या माणसांसाठी ते बरोबरही होतं. मोठ्या माणसाचा मेंदू बघायला केव्हाच शिकलेला असतो. मोतीबिंदू दोन वर्षं राहिला तरी तो काढल्यावर माणसाला पहिल्यासारखं दिसतं. बाळाचं तसं नाही. बाळाचा मेंदू जन्मल्यानंतर बघायला शिकतो, आणि तो शिकतो डोळ्यांतून येणाऱ्या स्वच्छ चित्रावर. पहिल्या काही महिन्यांत ते चित्र पोचलंच नाही, तर पुढे डोळा काचेसारखा स्वच्छ केला तरी मेंदूला त्याचा उपयोग करता येत नाही. हे मांजराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवून देणारे ह्यूबेल आणि वीझल १९८१च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. तुमच्या यजमानांना शेतीच्या भाषेत सांगायचं तर वापसा असतानाच पेरलं पाहिजे. तो निघून गेल्यावर बियाणं कितीही चांगलं असलं तरी हाती काही लागत नाही.

दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात व्हावं, दहाव्या आठवड्याच्या पुढे जाऊ नये, असा प्रयत्न असतो. एकाच डोळ्यात असेल तर घाई त्याहून जास्त, चार ते सहा आठवडे. कारण चांगला डोळा सगळं काम स्वतःकडे घेतो आणि दुसरा मागे पडतो. त्याआधी, म्हणजे चार आठवड्यांच्या आत केलं तर पुढे काचबिंदू व्हायचा धोका वाढतो, म्हणून सहसा तेवढं थांबतात. पत्र लिहिलंत तेव्हा तुमची मुलगी मुदतीत होती. दिवाळीनंतर ती मुदतीच्या पार बाहेर गेलेली असेल. तीन महिन्यांच्या सुमाराला अशा बाळांचे डोळे भिरभिरायला लागतात, एका जागी ठरत नाहीत. एकदा ते सुरू झालं की ऑपरेशननंतर मिळणारी दृष्टी बहुधा कमीच राहते.

ऑपरेशन लागतंच का, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण दर वेळी लागत नाही. वरच्या आकड्यांत बारीक ठिपक्याएवढे मोतीबिंदूही आले. भिंगाच्या कडेला असलेला किंवा मध्यावरचा पण तीन मिलिमीटरपेक्षा लहान, ज्याच्या आजूबाजूनं उजेड आत जातो, असा मोतीबिंदू असेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात, बाहुली मोठी करणारे थेंब देतात, चष्मा देतात. काही मुलं तशीच मोठी होतात आणि त्यांना ऑपरेशन कधीच लागत नाही. पण आशाताईंना नुसत्या डोळ्यांनी दोन्ही बाहुल्या पांढुरक्या दिसल्या, म्हणजे तुमच्या मुलीचा मोतीबिंदू त्यातला वाटत नाही. हा निर्णय बाल नेत्रतज्ज्ञ बाहुली मोठी करून, आतलं तपासून देतील. गरज पडली तर डोळ्याची सोनोग्राफी करतील. ती तपासणी आणखी एका कारणासाठी टाळता येत नाही. पांढरी बाहुली दर वेळी मोतीबिंदूचीच असते असं नाही. क्वचित ती डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाची खूण असते, आणि तिथे उशीर जिवावर बेतू शकतो. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पाहिलेला आहे. पण हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरात फ्लॅशच्या फोटोत बाळाचा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येत असेल, तर त्यांनी ते ‘फोटोचं आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

भुलेबद्दल. कुठल्या आईचा जीव घाबरणार नाही? बाळाचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊनच करावं लागतं, आणि ती लहान मुलांची सवय असलेल्या भूलतज्ज्ञानंच द्यायला हवी. म्हणूनच तालुक्याला न करता मोठ्या ठिकाणी पाठवतात. बाळपणी साधारण तासाभराची एक भूल मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि वाढ मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाचव्या वर्षापर्यंत तपासली गेली, आणि भूल न देता फक्त शरीराचा भाग बधिर करून ऑपरेशन झालेल्या मुलांच्या तुलनेत त्यांच्यात फरक दिसला नाही. तुमच्या मुलीला भूल दोनदा लागेल, कारण बहुतेक ठिकाणी एक डोळा झाल्यावर काही दिवसांनी दुसरा करतात. पण भुलेचा धोका आणि आयुष्यभराचं अंधत्व ही तुलना केली, तर माझ्या मनात कसलीच शंका नाही. आदल्या दिवशी सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. तारीख दोन दिवस पुढे गेली तरी चालेल. शेवटचं दूध कधी पाजायचं ते डॉक्टर सांगतील, ते मिनिटांवर पाळा. बाळ रडेल, आजीचा जीव कळवळेल, तरी एक चमचासुद्धा नको.

बाळाचं भिंग मऊ असतं. बारीक छेदातून ते ओढून काढतात. भिंगामागचा पातळ पडदा मुलांमध्ये हमखास पुन्हा धूसर होतो, म्हणून त्यालाही मध्ये खिडकी करतात. मग लेन्स बसवतात का? एवढ्या लहान बाळाला सहसा नाही. ‘ऑपरेशन केलं पण लेन्स टाकली नाही, फसवलं’ असा समज घेऊन लोक माझ्याकडे येतात, म्हणून नीट सांगते. जन्मतः डोळा जेमतेम १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी तो २३-२४ होतो, आणि त्यातली बरीच वाढ पहिल्या दोन वर्षांत होते. आज बसवलेल्या लेन्सचा नंबर वर्षभरात चुकायला लागतो. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांना आत लेन्स बसवली, निम्म्यांना बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स दिली. साडेचार वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच होती, पण आत लेन्स बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा ऑपरेशनं लागली होती. म्हणून पहिली दोन वर्षं तरी जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, आणि डोळा वाढल्यावर आतली लेन्स, असा क्रम बहुतेक डॉक्टर धरतात.

त्या चष्म्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण अर्धं काम तिथेच बिघडतं. तुमच्या मुलीला वीस किंवा त्याहून जास्त नंबरचा चष्मा लागेल. काचा जाड असतील, डोळे मोठे दिसतील, डोक्यामागून इलॅस्टिकचा पट्टा असेल. बाळ जागं असेल तेवढा वेळ तो डोळ्यांवर हवा. लोक बघतील, विचारतील, ‘मुलीची जात, पुढे कसं व्हायचं’ असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. भिंग काढल्यावर चष्म्याशिवाय तिला सगळं धूसर दिसणार, आणि धूसर चित्रावर मेंदू शिकत नाही. म्हणजे ऑपरेशन करून चष्मा पेटीत ठेवला तर ऑपरेशन वाया गेलं. बाळ वाढेल तसा नंबर बदलेल, काही महिन्यांनी नवीन काचा लागतील. एक डोळा मागे पडतो आहे असं दिसलं तर चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावावी लागेल. मूल ओरबाडून काढेल, रडेल. पुन्हा लावायची. मिरजेला लहान मुलांच्या मोतीबिंदूवर जो अभ्यास झाला, त्यातही नियमित फेरतपासणीचं महत्त्व ठळकपणे पुढे आलं आहे. लांबचा प्रवास, बुडणारी मजुरी, घरच्या अडचणी यांमुळे लोक यायचे थांबतात. आणि मुलगी असेल तर फेऱ्या आणखी कमी होतात, हे मला स्पष्ट लिहिलंच पाहिजे. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका.

तपासण्या आयुष्यभर चालू राहतील. लहानपणी भिंग काढलेल्या डोळ्यांत काचबिंदू पुढे केव्हाही येऊ शकतो, दहा वर्षांनीही. बाळाला उजेड सहन होत नाही, डोळ्यातून सारखं पाणी येतं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतं, असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

ग्रहणाचं एकदाच सांगते. तुम्ही भाजी चिरल्यानं काहीही झालेलं नाही. डोळ्याचं भिंग गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत घडतं, ते पोटाच्या आत, आणि आकाशातल्या सावलीचा किंवा विळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूंपैकी बरेच आनुवंशिक असतात आणि ते वडिलांकडूनही येतात. काहींत साखर पचवण्यातला दोष असतो. बऱ्याच मुलांत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. आणि आपल्याकडे एक मोठं कारण आहे रुबेला. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यातल्या ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाल्याचं दिसलं. अंगावर बारीक पुरळ, किरकोळ ताप, कधी तेवढंही नाही, आणि आत बाळाचे डोळे, कान, हृदय यांना इजा झालेली असते. म्हणून बाळाच्या रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या सांगितल्या तर करून घ्या, कान आणि हृदयही तपासून घ्या. रुबेला निघाला तर असं बाळ वर्षभर विषाणू बाहेर टाकू शकतं, तेव्हा घरातल्या, शेजारच्या गरोदर बायकांनी जपावं. तसं निघालं तरी दोष तुमचा नाही. तुमच्या लहानपणी ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८मध्ये झाली. आता बाळाला नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमाराला ती मिळते. तुमच्या मुलीचे दोन्ही डोस चुकवू नका. पुढचं मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून तुम्हीही ती लस घ्या आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नका. अंगावर पाजत असताना ती घेता येते.

मोठ्या मुलाचे डोळे बाहुली मोठी करून तपासून घ्या, आणि तुम्हा नवरा-बायकोचेही. एखाद्याच्या डोळ्यात त्रास न देणारा बारीक मोतीबिंदू सापडला, तर कारण कळतं. एका पालकाकडून तो आलेला असेल तर पुढच्या प्रत्येक मुलात तो यायची शक्यता निम्मी असू शकते. चार वर्षांच्या मुलाला व्यवस्थित दिसत असेल तर काळजीनं झोप घालवू नका, पण तपासणी टाळूही नका.

दुसऱ्या कुणाचं मूल मोठं झालं असेल आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून ते घरी बसलं असेल, तर त्यांनीही यावं. २००५ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये उत्तर भारतातल्या, मोतीबिंदूमुळे जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांची ऑपरेशनं झाली. त्यातली काही तर दहा-बारा वर्षांची होती. त्यांना बारीक अक्षर वाचण्याइतकं दिसलं नाही, पण चेहरे, वस्तू, वाट ओळखण्याइतकं बरंच काही मिळालं. तेवढ्यानंही मुलाचं आयुष्य बदलतं. तुमच्या मुलीला त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळू शकतं. वेळेत ऑपरेशन झालेली आणि चष्मा नेमानं वापरणारी पुष्कळ मुलं इतर मुलांबरोबर साध्या शाळेत शिकतात. नजर किती येईल याचं वचन आज कुणीच देऊ शकत नाही, मीही देत नाही.

खर्चाची चिंता असेल तर आशाताईंनाच पुन्हा गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, आणि जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. त्या कार्यक्रमाच्या पथकाकडून चिठ्ठी घेतली तर उपचार मोफत होतात. दवाखान्यात जन आरोग्य योजनेच्या खिडकीवरही चौकशी करा. तुमच्याजवळ मिरजेचं लायन्स नॅब नेत्र रुग्णालय आहे, पुण्याला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. निघण्याआधी फोन करून लहान मुलांचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा, आणि ‘सात आठवड्यांचं बाळ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे लांबची तारीख मिळणार नाही. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, बाळंतपणाचे कागद, गरोदरपणातल्या सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि बाळाचं लसीकरण कार्ड सोबत ठेवा. यजमानांना घेऊन जा. संमतीपत्रावर सही करताना आणि चष्म्याचं समजावून घेताना दोघंही हजर असलेलं बरं. त्या दिवशीचं बागेतलं काम शेजारी किंवा भावकी बघतील.